मनीऑर्डर

बटण मी दाबलं होतं. जागा दाखवणारा वेगळा, कॅमेरा धरणारा वेगळा, तो मुठीएवढा गोल स्पीकर करवंदीच्या जाळीत अडकवून ठेवणाराही मी नव्हतो. पण मोबाइल माझ्या हातात होता, आणि मानेनंच ‘लाव आता’ अशी खूण झाल्यावर अंगठा हलला तो माझा. गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही तिघं पहाटे पावणेपाचला गंगापूर रोडहून निघालो, त्र्यंबक रस्त्याला लागलो, पहिन्याच्या अलीकडे गाडी लावली आणि ओढ्याच्या कडेकडेनं आत शिरलो. दोन दिवसांपूर्वी पहिला जोरदार पाऊस होऊन गेला होता. पाचोळा वरून भिजलेला, पण पाय पडला की खालचा कोरडा थर कुरकुरायचा. शेजारच्या खाचरात राब भाजल्याची राख पावसानं चोपून बसली होती, तिचा तो ओला, खारट वास. अजून नीट उजाडलं नव्हतं. आणि मग तो बोलला. दोनच सूर. पहिला चढणारा, दुसरा घसरून खाली येणारा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मित्राला खाली बोलवायला शीळ घालावी तसे.

नवरंग.

आम्ही श्वास धरून उभे. तो साधारण पन्नास पावलांवर असावा, ओढ्यापलीकडच्या कुड्याच्या गचपणात. दिसण्याचं नाव नाही. अर्धा तास तो बोलत राहिला आणि आम्ही मच्छर खात राहिलो. मग मी बटण दाबलं. करवंदीतून त्याचेच दोन सूर निघाले, जरा जास्तच मोठ्यानं. पलीकडचा आवाज पटकन बंद झाला. इतका पटकन, की मला वाटलं उडाला. पण नाही. थोड्या वेळानं पाचोळ्यावर टुण, टुण, टुण. तो आला. एकेक उडी मारत, मध्येच थांबून मान वाकडी करत. शेपटी जवळजवळ नाहीच, आणि जी काही चिमटीभर आहे ती वर-खाली, वर-खाली. जाळीपासून दोन हातांवर एक आडवी फांदी होती, तिच्यावर चढला आणि ताठ उभा राहिला. पाठीची हिरवाई, पोटाचा पिवळट बदामी रंग, डोळ्यावरून गेलेली काजळाची रुंद पट्टी, पंखावर निळ्याचा एक चकचकीत ठिपका, आणि शेपटीखाली कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखं लालभडक. त्यानं मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली आणि बोलला. पांढरा गळा थरथरताना दिसला. स्पीकरनं लगेच उलट उत्तर दिलं. हा पुन्हा बोलला. स्पीकर पुन्हा. मग तो खाली उतरला, जाळीच्या मागे गेला, तिथं कोणी नाही हे पाहून परत फांदीवर आला. असं तीनदा. तिसऱ्यांदा तो स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्या काळ्या गोळ्याकडे पाहत होता असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या मागच्या जागेकडे पाहत होता, जिथं कोणीतरी असायला हवं होतं.

आमच्या कॅमेरावाल्या मित्राला त्या चार-पाच मिनिटांत दीडशे फोटो मिळाले. तो भला माणूस आहे. रात्री-अपरात्री कोणाच्या गच्चीत घुबडाचं पिल्लू पडलं तरी स्कूटर काढून जाणारा. त्याच्यावर मला काही ढकलायचं नाही. परत येताना टपरीवर चहा घेतला, नाशकात शिरल्यावर मिसळ खाल्ली, पाव जास्त झाले. दुपारी फोटो ग्रुपवर पडला आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा ढीग लागला. खाली मित्रानं मोठ्या मनानं लिहिलं होतं : ‘ध्वनिसंयोजन’ आणि पुढे माझं नाव. मीही हसरा चेहरा टाकला.

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही नाही. चांगली गाढ लागली.

खटकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या कॉलनीत भाजीची गाडी आली तेव्हा. हल्ली सगळ्याच गाड्यांना बॅटरीवरचा भोंगा असतो. भाजीवाला एकदा कधीतरी आपल्याच आवाजात ‘मेथी, पालक, कोथिंबीऽऽर’ असं भरून ठेवतो आणि मग दिवसभर गाडी ढकलताना तोंड मिटलेलं, आवाज मात्र चालू. समोरच्या इमारतीतल्या आजी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन ‘ओ भाऊ, ओ भाजीवाले’ म्हणून हाका मारत होत्या. त्याला ऐकूच जाईना, कारण त्याच्या कानाशी तो स्वतःच ओरडत होता. आजींनी शेवटी पिशवी हलवली. मी खाली उभा राहून हे पाहत होतो, आणि एकदम पोटात काहीतरी हललं. माणूस एकीकडे आणि त्याचा आवाज दुसरीकडे, हे मी आधी कुठं पाहिलंय? पाहिलं नव्हतं. केलं होतं. पक्ष्याच्या बाबतीत नाही, त्याच्याही तीस वर्षं आधी.

१९९३ साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि एका पतसंस्थेत वसुलीला होतो. नाव सांगत नाही. ती संस्थाही आता राहिलेली नाही. त्या काळात नाशकात दोन चौक ओलांडले की एक पतसंस्था लागायची आणि बी.कॉम. झालेल्या मुलाला महिना नऊशे रुपयांत तिथं सहज चिकटता यायचं. मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते वसुलीत मुरलेले गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं : ‘घरी नाहीत’ म्हणाले की आधी चपला बघायच्या. मग मोरीतून पाण्याचा आवाज येतो का ऐकायचं. मग पोराला विचारायचं, बायकोला नाही. मी हे सगळं शिकलो, पण मला एक गोष्ट न शिकवता यायची. मी आवाज काढायचो. शाळेत असताना मास्तरांचे काढायचो, कॉलेजात प्राचार्यांचा. आमच्या भागात एक पोस्टमन यायचे, त्यांची ‘मनीऑर्डऽऽर’ अशी मधल्या अक्षरावर उचलून शेवटी सोडून दिलेली हाक होती. दोन सुरांची. ती मला हुबेहूब यायची.

तिवंध्याच्या बाजूला एका वाड्यात तळमजल्यावर एक कर्जदार राहायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना पॉलिश करण्याचं काम. आठ हजारांचं कर्ज, त्यातले साडेपाच थकलेले. मी तीनदा जाऊन आलो होतो. तिन्ही वेळा सात-आठ वर्षांची मुलगी दारात येऊन ‘बाबा बाहेरगावी गेलेत’ म्हणाली होती, आणि तिन्ही वेळा आतून पितळ घासल्याचा वास येत होता. चिंच आणि राखेचा तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल. चौथ्या वेळी मी दारापर्यंत गेलोच नाही. वाड्याच्या चौकात, नळाच्या आडोशाला थांबलो. दुपारचे साडेअकरा-बारा, पोस्टमनची वेळ. आणि हाक दिली.

आतून आवाज आला, ‘कोण आहे?’ मी पुन्हा हाक दिली. ते बाहेर आले. अंगात बनियन, लेंग्याला हात पुसत. दुसऱ्या हातात त्यांनी पेन आणलं होतं. स्वतःचं. सहीसाठी पोस्टमनचं पेन मागायला नको म्हणून. ते चौकात आले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जिन्याखाली वाकून पाहिलं आणि हसऱ्या तोंडानं विचारलं, ‘सुरतेहून आहे का?’

सुरतेला त्यांचं कोण होतं ते मी विचारलं नाही. मी आडोशातून पुढे झालो आणि नोटीस हातात दिली. त्यांनी बनियनच्या आत खोचलेला चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट कानांवर बसवल्या, सगळी नोटीस ओळीवर बोट ठेवून वाचली आणि मिळाल्याची सही केली. त्याच पेनानं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता लिहिताना वाटतं. पण त्या वेळी तसं काही वाटलं नव्हतं. त्या वेळी मी खूश होतो. ऑफिसात साहेबांनी पाठीवर थाप मारली, ‘आवाज चांगलाय तुझा.’ आणि खरं सांगायचं तर त्या गृहस्थांनी पुढच्या चार महिन्यांत सगळे पैसे फेडले. म्हणजे हिशेबाच्या वहीत बघाल तर माझ्या हाकेनं कोणाचं वाईट झालेलं नाही. कर्ज फिटलं, जामीनदार सुटले, संस्थेचा पैसा आला. दोन वर्षांनी मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली आणि मी त्या धंद्यातून बाहेर पडलो. मनीऑर्डर हा प्रकारही पुढे दिसेनासा झाला. हातातलं ते पेन मात्र मी इतकी वर्षं कुठं ठेवून दिलं होतं कोण जाणे. भाजीच्या गाडीपाशी ते निघालं.

आता तुम्ही म्हणाल की माणूस कुठं आणि पाखरू कुठं. मलाही तसंच म्हणायचं होतं. म्हणून मी पाखरू समजून घ्यायला बसलो, त्यात सुटका मिळेल असं वाटून. मिळाली नाही. नवरंगाचा आवाज म्हणजे गाणं नव्हेच. बुलबुल, दयाळ, धोबी ही मंडळी आपली गाणी लहानपणी मोठ्यांची ऐकून शिकतात, चुकतात, घोटतात. नवरंग ज्या घराण्यातला आहे त्यातल्या पक्ष्यांना सहसा असं शिकावं लागत नाही. ते अंड्यातून निघतानाच आवाज घेऊन येतात. म्हणजे त्या दोन सुरांत कसरत नाही, हौस नाही, रियाज नाही. त्यांत एवढंच आहे की मी इथं आहे आणि ही ओढ्याकाठची जागा माझी आहे. आणि हे सांगायला तो केवढ्या लांबून येतो! हिवाळा काढतो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. मे सरता सरता उत्तरेकडे निघतो, रात्रीचा उडत. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे आपल्या किराणावाल्याकडची जिऱ्याची छोटी पुडी. तिकडे तमिळमध्ये त्याला ‘आरुमणी कुरुवी’ म्हणतात, सहाच्या ठोक्याचं पाखरू, कारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोनच वेळा तो तोंड उघडतो. ‘पिट्टा’ हे त्याचं जगभर गाजलेलं नाव तेलुगू आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘पाखरू’. इकडे आल्यावर पावसाच्या अडीच-तीन महिन्यांत त्याला सगळं उरकायचं असतं : जागा धरायची, जोडीदारीण मिळवायची, जमिनीलगत किंवा खालच्या फांदीवर काड्यापानांचं आडव्या तोंडाचं गोल घरटं बांधायचं, चार-पाच अंडी, नरमादीनं आळीपाळीनं उबवायची, पिल्लं वाढवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे त्यातली ऐन जागा धरण्याची वेळ. अशा वेळी त्याच्याच दारात, त्याच्याच आवाजात, त्याच्याहून मोठ्यानं कोणी ‘ही जागा माझी’ म्हणालं की त्याला यावंच लागतं. आवड म्हणून नव्हे. ‘सुरतेहून आहे का’ असा प्रश्न घेऊन जसं यावं लागतं तसं.

इतका लाजरा पक्षी, आणि तरी मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो उघड्यावर. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात, मी सहावीत असताना. मृगाच्या आदल्या दोन-तीन दिवसांतली सकाळ होती. आजी मोरीत हंडा घासायला गेली आणि ‘अगं बाई’ म्हणून मागे सरकली. मोरीच्या कोपऱ्यात, शेवाळावर, हा फुगून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले. रात्रभर उडून दमलेले नवरंग असे शहरांत उतरतात, खिडक्यांना आपटतात, गॅलऱ्यांत सापडतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आम्हाला वाटलं कोणाचा तरी पाळलेला पोपट रंगपंचमी खेळून आलाय. आजीनं वरून वेताची टोपली पालथी घातली, मांजरापासून जपायला, आणि टोपलीवर वरवंटा. दिवसभर आम्ही चुलत भावंडं टोपलीच्या भोकांना डोळे लावून बसलो होतो. प्रत्येकाला वेगळा रंग दिसायचा, कारण प्रत्येकाचं भोक वेगळं. मला फक्त निळा दिसला. संध्याकाळी आजीनं टोपली परसात नेली, वरवंटा काढला आणि आम्हा सगळ्यांना आत हाकललं. ‘तुमच्यासमोर कसा जाईल तो?’ म्हणाली. आम्ही दाराच्या फटीतून बघायला धडपडलो तर तिनं फटीसमोर पाठ करून उभं राहून पदर पसरला. तो उडालेला मी पाहिला नाही. मी त्यावरून आजीशी दोन दिवस बोललो नव्हतो.

तर गेल्या वर्षीच्या त्या जूननंतर मी रात्री-रात्री मोबाइलवर असल्याच पक्ष्यांचं वाचत आणि बघत राहिलो. बायको म्हणाली, ‘पूर्वी शेअर बघत होतात ते परवडलं.’ वाचता वाचता मी भलतीकडे पोचलो, थेट दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या ढगांत बुडालेल्या जंगलांत. तिथं अँटपिट्टा नावाचे पक्षी असतात. आपल्या पिट्ट्याशी त्यांचं जवळचं नातं नाही, नुसत्या ठेवणीवरून कोणीतरी आपल्याचं नाव त्यांना चिकटवलं. अंड्याला दोन लांब काड्या टोचाव्यात असा आकार, शेपूट नसल्यातच जमा, रंग पाचोळ्याचे, आणि लाजाळूपणात आपल्या नवरंगाच्या वरताण. जन्मभर ओल्या शेवाळलेल्या जमिनीवर बांबूच्या गचपणात उड्या मारत फिरायचं आणि दिसायचं नाही. ऐकू मात्र यायचं. १९९७च्या नोव्हेंबरात दक्षिण इक्वाडोरमध्ये रॉबर्ट रिजली नावाच्या पक्षितज्ज्ञाला तापिचालाका या भागात असा एक आवाज ऐकू आला, जो तिथल्या कुठल्याच माहीत असलेल्या पक्ष्याचा नव्हता. तो टेपवर घेतला गेला आणि तिथल्या तिथं परत वाजवला गेला. आणि बांबूतून तो बाहेर आला. चांगला मोठा, काळं डोकं, डोळ्याखाली पांढरा ठसठशीत पट्टा. तोवर विज्ञानाला ठाऊकच नसलेला पक्षी.

हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. म्हणजे तिथंही कोणीतरी बटणच दाबलं होतं.

आणि पुढची गोष्ट तर माझी आणखीच पंचाईत करणारी. त्या एका पक्ष्यामुळे १९९८मध्ये एक संस्था उभी राहिली, तिनं त्याच्या आवाजावरून पडलेलं ‘होकोतोको’ हे नाव घेतलं, आणि ते जंगल तुटायच्या आत विकत घेऊन राखलं. १९९९मध्ये पक्ष्याचं रीतसर बारसं झालं, रिजलींच्याच नावानं. म्हणजे त्या दिवशी त्याला त्याच्याच आवाजानं फसवून बाहेर काढलं नसतं, तर आज कदाचित त्याचं गचपणही उरलं नसतं. साडेपाच हजार वसूल झाले, जामीनदार सुटले. हिशेबाच्या वहीत बघाल तर कोणाचंच वाईट झालेलं नाही. मला हा हिशेब पाठ आहे. तो बरोबर असतो, हीच त्याची अडचण आहे.

त्याच देशातला दुसरा एक माणूस मात्र मला आवडून गेला. आंखेल पास त्याचं नाव, देशाच्या वायव्येच्या डोंगरांतला शेतकरी. त्याच्या रानात एक जायंट अँटपिट्टा, म्हणजे या जातकुळीतली सगळ्यांत धिप्पाड मंडळी, पायवाटेवर यायची आणि माणूस दिसला की पसार व्हायची. यानं काय केलं, गांडुळं गोळा केली, तुकडे केले आणि तिच्या वाटेवर ठेवत राहिला. रोज. तिला नाव दिलं, मारिया. काही दिवसांनी ती त्याच्या हाकेला येऊ लागली. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला. धुक्यात गमबूट घातलेला बुटका माणूस उभा आहे आणि ‘मारिया, मारिया’ म्हणतोय, अगदी आपल्याकडे गोठ्यात वासराला बोलवावं तसा. आणि त्या गचपणातून ती येते, थांबते, तुकडा उचलते, जाते. जगभरातून लोक तिला बघायला जातात, त्यावर त्याचं घर चालतं. धंदाच आहे तोही. पण मला लागलं ते एवढंच, की तो हाक मारतो ती स्वतःच्या आवाजात. आणि हातात खरंच काहीतरी असतं.

याचा अर्थ मी उद्यापासून पहिन्याला गांडुळं घेऊन जाणार असा नाही. आपल्याकडे त्याची गरजही नाही. पावसाळ्यात तिथला पाचोळा उलटला की गांडुळंच गांडुळं. फक्त पाचोळा राहिला पाहिजे. राबासाठी पाचोळा गोळा करणाऱ्या पाड्यावरच्या बायांना नावं ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी भात कधी लावलेला नसतो आणि रविवारी त्याच रानात त्यांच्याच गाड्यांच्या रांगा, भिजायला आणि धबधब्याखाली मक्याची कणसं टाकायला आलेल्या. असो. हा वेगळा विषय आहे आणि त्यात माझा तोल जातो. इगतपुरी-त्र्यंबककडे दोन-तीन हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे पाच-सहाशेवर येतो. एकाच जिल्ह्यात दोन मुलूख. नवरंगाचं घर त्या पश्चिमेच्या ओल्या कडेला, डोंगराच्या कुशीतल्या चिंचोळ्या पट्ट्यात. आमच्यासारख्यांना मात्र तिथं पोचायला पाऊण तास पुरतो.

यंदा जूनमध्ये मी एकटाच गेलो. मोटरसायकलवर, पहाटे, कान थंडीनं बधीर. स्पीकर नेला नव्हता. मोबाइल मात्र खिशात होता, आणि मोबाइललाही आवाज असतोच. ते रेकॉर्डिंगही त्यात तसंच होतं, मी पुसलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मी त्या दिवशी फार शहाणा होऊन गेलो होतो असा समज व्हायला नको. ते रेकॉर्डिंग आम्ही एका वेबसाइटवरून उतरवून घेतलेलं होतं, कोणा अनोळखी माणसानं कुठल्यातरी गावाकाठी केलेलं. त्यात नवरंग चारदा बोलतो आणि चौथ्यानंतर मागे, खूप लांब, एक कोंबडा आरवतो. मग पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी त्या कोंबड्यावरून आम्ही हसलो होतो.

ओढ्याच्या अलीकडे एका खडकावर बसलो. पाऊस नव्हता, पण पानांवरून ठिबकत होतं, आणि प्रत्येक ठिबक पाचोळ्यावर पडली की वाटायचं, आलाच. सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना तो बोलला. त्याच कुड्याच्या बाजूनं. तोच असेल का? गेल्या वर्षीचा? मला उगाचच बरं वाटलं, जणू त्यानं झालं गेलं विसरून जागा बदललेली नव्हती. पाच-सहा वेळा बोलला. आणि मग उजवीकडून, ओढ्याच्या वरच्या अंगाला, दुसरा बोलला. मी जागच्या जागी सावरून बसलो. दोन! पलीकडच्यानं उत्तर दिलं. हा बोलला, तो बोलला, हा बोलला, तो बोलला. अंगावर काटा आला. म्हटलं, बघ, न बोलावता दोन-दोन. आणि मग उजवीकडून, चौथ्या बोलानंतर, खूप लांबून कोंबडा आरवला.

त्या अंगाला पाडा नाही. तिकडे नुसता डोंगर आहे.

मी वाट पाहिली. पुन्हा चार बोल, पुन्हा कोंबडा. तोच. त्याच जागी गळा जरासा फाटणारा. कुड्यातला आवाज बंद झालेला होता, आणि पाचोळ्यावर ते टुण, टुण, टुण सुरू झालं होतं, माझ्यापासून फार तर दहा पावलांवर, उजवीकडे निघालेलं. मला काय झालं ठाऊक नाही. मी उभा राहिलो आणि जोरात ओरडलो, ‘कोण आहे?’

सगळं थांबलं. टुणटुण थांबली, नवरंग थांबला, कोंबडा थांबला. काही क्षण नुसतं ठिबकणारं पाणी. मग करवंदीच्या जाळीमागून एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा हळूच उभा राहिला. हिरवट ठिपक्यांचे कपडे, गळ्यात हाताएवढी लेन्स, मांडीपर्यंत चिखल. चेहरा इतका पडलेला की मलाच वाईट वाटलं.

‘काय हो काका,’ तो म्हणाला. ‘पूर्ण बाहेर आला होता. चार दिवस येतोय मी.’

‘चुकलं रे,’ मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. ‘मिळाला का एखादा तरी?’

त्याचा चेहरा जरा उजळला. दगडांवरून उड्या मारत तो ओढा ओलांडून आला, कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि पडद्यावर पाणी होतं ते बाहीनं पुसलं. तेवढ्या उजेडात मला नीट दिसेना. मी शर्टाच्या आत खोचलेला चष्मा काढला आणि दोन्ही काड्या कानांवर बसवल्या.